काट्यावर पास, टेपवर नापास

बडोद्याच्या प्रतापनगरमधल्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं बाई होते. बाई म्हणजे झाडलोट करणारी, नंबर पुकारणारी, म्हाताऱ्यांना हाताला धरून आत नेणारी, आणि पुढे पुढे पेशंटांचं वजन-माप घेणारी. शिक्षण चौथी. आता काम सोडलंय, गुडघे ऐकत नाहीत. दर दिवाळीला आमचे हे एखादा अंक घरी आणतात. त्यात कोणी पोलिसात होते, कोणी जंगलखात्यात होते, त्यांचे अनुभव असतात. ते वाचून हे मला म्हणाले, "तू पण लिही की. त्यांनी वाघ बघितले, तू पोटं बघितलीस."

म्हणून लिहायला बसले आहे. छापायला कोणी मागितलं तर मात्र देणार नाही. लाजेनं मरेन.

लाज हा माझा जुना आजार. आणि काम मिळालं ते लोकांच्या कंबरेला टेप गुंडाळायचं. आमच्या डॉक्टर गुजराती, त्यांना सगळे डॉक्टरबेन म्हणतात. रेल्वेच्या वसाहतीतले मराठी पेशंट ऐकून ऐकून त्या मराठी बोलायला शिकल्या, अधूनमधून गाडी गुजरातीच्या रुळावर जायची इतकंच. एका सकाळी त्यांनी कापडाचा टेप माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "मालतीबेन, आजपासून तिशीच्या वरच्या प्रत्येकाचं वजन, उंची आणि कंबर. बीपी मी बघीश."

मी विचारलं, "पुरुषांची पण?"

"का? पुरुषांना कंबर नसते?"

"असते. पण..."

"पण शुं?"

पण काय ते मला सांगता येईना. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्या ह्यांच्या कंबरेचं माप मला ठाऊक नव्हतं, ते शिंप्याला ठाऊक. आता सबंध रेल्वे वर्कशॉपच्या कंबरा माझ्यापुढे येणार होत्या.

मी माझ्यापुरती युक्ती काढली. टेपचं एक टोक लांब हात करून मी धरायची, दुसरं टोक माणसाच्या हातात द्यायची आणि सांगायची, "आता जरा फिरा." माणूस स्वतःभोवती गिरकी घ्यायचा आणि टेप आपोआप त्याला गुंडाळला जायचा. मी भिंतीकडे बघून उभी. मला वाटलं, छान जमलंय. तिसऱ्या की चौथ्या माणसाला एक गिरकी पुरेना म्हणून मी दुसरी घ्यायला सांगितली, तेवढ्यात डॉक्टरबेननी पडदा सारला.

"मालतीबेन, नवरात्रीला अजून वेळ आहे. आत्तापासून गरबा का?"

बाहेरच्या बाकांवरचे सगळे हसले. गिरकी घेणारे काकासुद्धा हसले, पण त्यांना चक्कर आली होती म्हणून धरून बसवावं लागलं. त्या दिवसापासून टेप मी दोन्ही हातांनी धरायला लागले. डोळे मात्र टेपच्या आकड्यांवर. माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा माझा नियम मी शेवटपर्यंत पाळला.

कंबर नक्की कुठे असते, हे ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सोपं वाटेल. प्रत्येकाची कंबर त्याच्या मर्जीनं असते. बायकांची कंबर परकराच्या नाडीपाशी. पुरुषांची पट्ट्यापाशी. खरी कंबर शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या बरोबर मध्ये. तिथे टेप आडवा लावायचा, आवळायचा नाही, आणि माणूस सहज श्वास सोडून उभा असताना वाचायचा. बायकांच्या बाबतीत आधी निऱ्या सैल करायच्या, मग कंबरेला खोचलेला चाव्यांचा जुडगा, मोबाइल, रुमालाची पुरचुंडी, असा सगळा संसार बाजूला ठेवायचा. तो उतरवला की इंच-दोन इंच आपोआप कमी व्हायचे. तेवढ्यानंच बऱ्याच जणी खूष होऊन घरी जायच्या.

वर्कशॉपमधले एक फोरमनसाहेब होते. ते टेप लावूनच घेईनात. "लग्नात चौतीसची पँट होती, आजही चौतीसचीच आहे," असं त्यांनी सगळ्या दवाखान्याला ऐकवलं. खोटं काही नव्हतं. पँट चौतीसचीच होती. फक्त ती हळूहळू खाली सरकत पोटाच्या पायथ्याशी जाऊन थांबली होती आणि पोट तिच्यावरून बाहेर वाकून बघत होतं. डॉक्टरबेन म्हणाल्या, "साहेब, पँटनी आपली जागा सोडली, पोटानी नाही."

दुसरे एक आखाड्यात जाणारे गृहस्थ. ते काट्यावर चढले की काटा कण्हायचा. भिंतीवरच्या तक्त्यात उंची आणि वजन जुळवून बघितलं तर त्यांचा नंबर लठ्ठांत. पण कंबरेला टेप लावला तर माझ्या हातात टेप उरला. बीपी अगदी व्यवस्थित. मी गोंधळले, म्हटलं काटा बिघडला. डॉक्टरबेननी सांगितलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. "काटा बिघडला नाही. काट्याला मांस कळत नाही आणि चरबी कळत नाही. भाजीवाल्याचा काटा बघ ने, कांदे टाक नाहीतर बटाटे टाक, किलो म्हणजे किलो. म्हणून काट्याला विचारायचं आणि टेपला पण विचारायचं."

चरबीतही म्हणे प्रकार. मांड्यांवरची, कुल्ल्यांवरची चरबी त्या मानानं गरीब, आपल्या जागी पडून असते. पोटाच्या आत आतड्यांभोवती साठते ती भांडखोर. तिच्यामुळे रक्ताच्या नळ्या ताठ होतात, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, आणि हृदयाला पंप जास्त जोरानं मारावा लागतो. तो जोर म्हणजे बीपी. जाड माणसाला ते जास्त होतं हे खरंच आहे. पण बारीक माणसाचं पोट पुढे असेल तर त्यानं जाड माणसाला हसू नये, असं त्या म्हणायच्या. हे वाक्य ऐकलं की मला आमचे भाऊजी आठवायचे.

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. घडियाळी पोळ म्हणजे जुन्या शहरातली एक गल्ली, तिथे त्यांचं चिवडा-भाकरवडीचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. दुकान खाली, घर वर. भाऊजींचे हातपाय शेवग्याच्या शेंगा, आणि मध्ये पोट असं की सुतळीला मडकं बांधावं. शर्ट बाहेर सोडला की काही दिसायचं नाही. सगळे त्यांना बारीकच म्हणायचे, आणि त्यांचंही तेच मत. दिवसभर कढईशेजारी बसून प्रत्येक घाण्याचं मीठ ते जिभेनं बघायचे. थोडं तोंडात टाकायचं, डोळे मिटायचे, "हं, बरोबर." असं दिवसातून किती वेळा, ते देवाला ठाऊक.

त्यांची बायको म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना वहिनी म्हणते. वहिनी चारी बाजूंनी ऐसपैस. भाऊजींच्या थट्टेला त्यांच्याशिवाय विषय नव्हता. "आमच्या हिला रिक्षात बसवलं की रिक्षावाला मला म्हणतो, काका, तुम्ही पाठीमागून चालत या." गिऱ्हाईक हसायचं, वहिनी पण हसायच्या. त्यातून एकदा पोळीत कसलासा कॅम्प झाला, आणि तिथे वहिनींचं बीपी जास्त निघालं. मग तर भाऊजींना डॉक्टरकीच मिळाली. घरात दोन पातेल्यांत भाजी शिजायला लागली, वहिनींची आळणी, भाऊजींची मीठ-मसाल्याची. आपल्या पातेल्यातली भाजी चाटूनपुसून खाताना ते वहिनींना पथ्य समजावून सांगायचे.

माझं आणि भाऊजींचं बोलणं नव्हतं. भांडण नाही, रीत. मोठ्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि दाराआडून बोलायचं, असं मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं. सासूबाई गेल्या. पोळीतल्या सुना जीन्स घालून स्कूटर चालवायला लागल्या, सासरे-दिरांना मागे बसवून न्यायला लागल्या. मी मात्र तिथेच. भाऊजी दिसले की हात आपोआप पदराकडे जातो. त्यांनाही त्याची सवय. मला काही सांगायचं असलं तर ते वहिनींकडे बघून सांगायचे, "मालतीला म्हणावं, चहा छान झालाय."

वहिनींना मीच दवाखान्यात बोलावलं. भाऊजी सोबत आले, मजा बघायला. डॉक्टरबेननी वहिनींचा दंड बघितला आणि कपाटातून मोठा पट्टा काढला. बीपीच्या मशीनचा पट्टा दंडाच्या मानानं असावा लागतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर तो आवळून आवळून भलताच आकडा दाखवतो. कॅम्पमध्ये काय बांधलं होतं असं विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "तो सारखा चर्र करून सुटत होता. मग एका मुलीनं हातानं दाबून धरला."

मोठ्या पट्ट्यावर वहिनींचं बीपी ठीक निघालं. डॉक्टरबेननी अजून दोनदा बोलावून घेतलं, तरी ठीकच. वहिनींना त्यांनी सोडलं नाही, गुडघे आणि साखर यांवरून चांगलं ऐकवलं. कंबर कमी करा, चाला, असं बजावलं. पण बीपी नाही म्हणजे नाही.

भाऊजींचं तोंड गोडाच्या ताटात कारलं आल्यासारखं झालं. मग आपणच उठून ते वजनकाट्यावर चढले. "माझं बघा." मी आकडा वाचला, डॉक्टरबेननी उंचीशी जुळवला. वजन बरोबर होतं. भाऊजी उतरले आणि वहिनींना म्हणाले, "बघ. पास."

"आता कंबर," डॉक्टरबेन म्हणाल्या, "आणि मग बीपी."

टेप माझ्या गळ्यात. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग तेही कॅलेंडरकडे बघायला लागले. त्या महिन्यात कुठले सण आहेत ते आम्ही दोघांनी नीट वाचून घेतलं. मग "दुकानात तेल तापत ठेवलंय" असं म्हणून ते निघूनच गेले.

डॉक्टरबेननी मला विचारलं, "हे कोण तुमचे?"

"मोठे दीर."

"पोट बघितलं का त्यांचं?"

"मी त्यांच्याकडे बघत नाही," मी म्हटलं.

"कोणी तरी बघायला पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

तेव्हा वहिनींनी त्यांना मामंजींचं सांगितलं. मामंजी म्हणजे आमचे सासरे. तेही असेच, काटकुळे आणि पोट पुढे. त्यांचं बीपी आयुष्यात कोणी बघितलं नाही, बारीक माणसाला कसलं बीपी म्हणून. एका सकाळी कढईपुढून उठताना ते कोसळले ते अर्धं अंग गेलं. वाचाही गेली. मग कितीतरी वर्षं अंथरुणावर. त्यांना पुसणं, कूस बदलणं, चमच्यानं पेज भरवणं, सगळं वहिनींनी केलं. भाऊजी खाली दुकानात असायचे. दुकान चालवायलाही कोणीतरी हवंच होतं, त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही.

बाहेर ओट्यावर बसल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "मालती, मामंजींचं केल्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परत नाही होणार माझ्याच्यानं. ह्यांना मी उचलू शकणार नाही गं. माझेच गुडघे मला उचलत नाहीत. एकदा ते मशीन हाताला लावून घ्या म्हणावं, मग काय निघायचं ते निघो."

"तुम्ही सांगा ना."

"सांगून बघितलं. म्हणतात, मी वजनात पास आहे."

हीच अडचण होती. बीपी दुखत नाही. डोकं दुखलं असतं, चक्कर आली असती तर भाऊजी आपणहून आले असते. काट्यानं पास केलेल्या माणसाला दवाखान्यात परत आणायचं कसं? मी डॉक्टरबेनना विचारलं. त्यांनी माझी अडचणही ओळखली होती. म्हणाल्या, "टेप नको. दोरा घ्या. माणसाच्या उंचीएवढा दोरा, त्याची मधोमध घडी करायची, आणि तो अर्धा दोरा कंबरेभोवती घालायचा. टोकं भेटली तर सारू. नाही भेटली तर इथे घेऊन या. यात आकडे नाहीत, वाचायचं नाही, घरची कोणीही करील." मी ते वहिनींना सांगितलं. घरची कोणीही म्हणजे मी नव्हे, हेही सांगितलं.

थोड्याच दिवसांत वटपौर्णिमा आली. बडोद्यात वडांना तोटा नाही. पोळीबाहेरच्या वडाला मराठी आणि गुजराती दोन्ही बायका फेऱ्या घालायला येतात. मीही वहिनींबरोबर गेले. पूजा झाली, फेऱ्या सुरू करायच्या, आणि वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, सूत घरीच राहिलं." मुद्दाम विसरल्या की खरंच, ते मी आजवर विचारलेलं नाही. त्यांनी मोबाइलवरून भाऊजींना बोलावलं.

भाऊजी सुताचं रीळ घेऊन आले. अंगाला तळणाचा वास, शर्ट बाहेर सोडलेला. मी पदर घेऊन पारावरच्या बायकांच्या मागे सरकले. शेजारच्या इलाबेन ओरडल्या, "आवो आवो, आजे तो तमारो दिवस!"

वहिनी म्हणाल्या, "जरा उभे राहा. चपला काढा."

"का?"

"पूजा आहे."

भाऊजींनी चपला काढल्या. वहिनींनी सुताचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याखाली दिलं. "दाबून धरा." रीळ सोडत सोडत त्या वर आल्या, डोक्यापाशी इलाबेननी पारावर उभं राहून दोरा धरला, वहिनींनी दातानं तोडला. भाऊजींना वाटलं काहीतरी नवीन विधी निघालाय. त्यांनी हात जोडले, डोळेही मिटले. वहिनींनी दोऱ्याची मधोमध घडी केली आणि पुढून घालून मागे नेली. मागे टोकं भेटेनात. त्यांनी मान वाकडी करून बघितलं, पुन्हा नीट धरून बघितलं. मध्ये चांगली सात-आठ बोटं भाऊजींची पाठ उघडी.

"काय चाललंय काय?" भाऊजींनी डोळे उघडले.

"डॉक्टरबेननी सांगितलंय. उंचीच्या अर्ध्या दोऱ्यात कंबर मावली पाहिजे. तुमची मावत नाही."

"दिवसाढवळ्या? चारचौघांत?"

इलाबेन हसून हसून पारावरच बसल्या. "वडने सात आंटा पहोंचे छे, ने तमने एक पण नहीं!" वडाला सात वेढे पुरतात, आणि ह्यांना एकही पुरेना.

सगळ्या बायका हसल्या. उपास होता तरी हसायला जोर आला. भाऊजी लाल झाले. "आणि तुझी गं? तुझी मावते?"

"माझी पण नाही मावत," वहिनी म्हणाल्या. "मी जाऊन दाखवून आले. तुम्ही?"

भाऊजींनी पायात चपला अडकवल्या आणि उजवी-डावी न बघता तरातरा निघून गेले. वहिनींनी उरलेलं सूत घेतलं आणि वडाला फेऱ्या घालायला लागल्या. मी त्यांच्या मागे होते. त्या काय पुटपुटत होत्या ते मला ऐकू आलं. "सात जन्माचं नंतर बघू. हा एक चालताबोलता जाऊ दे." हसू त्यांच्या तोंडावर राहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पोळीत घरोघर दोरे निघाले. पुढचे काही दिवस दवाखान्यात नवऱ्यांची रांग लागली, सगळे नाक मुरडत आलेले. पण भाऊजी त्यात नव्हते. दुकानावर गिऱ्हाइकं विचारायची, "काका, दोरो पहोंच्यो?" चिवडा घेणारं पोरगं-टोरगंही विचारायचं. जन्मभर दुसऱ्यांची थट्टा केलेल्या माणसाला आपली एक थट्टा पेलवेना. आमचे हे त्यांच्याकडे जाऊन आले की मला सांगायचे, दादा जेवताना बोलत नाहीत.

एका सकाळी भाऊजी आले. वहिनी मागोमाग, रिक्षातून उतरून. भाऊजी दारातूनच डॉक्टरबेनना म्हणाले, "दोरा ताणला जातो. दोऱ्याचं माप धरायचं नाही. टेपनं बघा."

डॉक्टरबेन आत कोणाला तरी तपासत होत्या. त्यांनी पडद्याआडून सांगितलं, "मालतीबेन, माप लई लो."

मी पदर घेतला. टेप घेतला. भाऊजी समोर येऊन उभे राहिले, दोन्ही हात बाजूला, बघणं छताकडे. मी टेप मागून पुढे आणला. आणि बघते तर पोट नाहीच! भाऊजींनी श्वास ओढून ते पार पाठीला नेऊन लावलं होतं. गालफडं आत, मान ताठ. "सोडा" म्हणायचं म्हणजे बोलायला हवं. मी काही बोलले नाही. तशीच टेप धरून उभी राहिले. बोलायची गरजही नव्हती. माणूस धरून धरून किती धरणार? आधी कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग नाकपुड्या फुलल्या, आणि मग भस्सकन पोट आपल्या घरी परत आलं. टेपची टोकं माझ्या बोटांतून सुटता सुटता वाचली.

बाकावरून वहिनी म्हणाल्या, "आलं."

मी आकडा सांगितला, भिंतीला सांगावा तसा. भाऊजींनी मान खाली घातली. मग त्यांनी आपणहूनच बाही वर केली.

डॉक्टरबेननी त्यांना आधी गप्प बसवलं, पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकून. मग पट्टा बांधला. बघितलं. दुसऱ्या हाताला बांधला. पुन्हा बघितलं. आकडा चांगलाच वर होता. एकदा बघून त्या गोळी देत नसत. त्यांनी आणखी दोन-तीनदा बोलावलं, आणि भाऊजी आले. प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं, आज उतरलेलं असेल. ते उतरत नव्हतं.

शेवटच्या वेळी डॉक्टरबेननी गोळी लिहून दिली आणि रोज, न चुकता, असं बजावलं. पोट कमी करायचं, चालायचं, मीठ कमी. कढईशेजारी चाखणं बंद.

"मग मीठ कोण बघणार?" भाऊजींनी विचारलं. एवढा मोठा प्रश्न डॉक्टरबेनना अजून कोणी घातला नव्हता.

"घरात बीपी नसलेलं माणूस कोण आहे?" डॉक्टरबेन म्हणाल्या.

भाऊजींनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पदरानं तोंड पुसायचं निमित्त केलं.

ती दोघं गेल्यावर बाकावर त्यांची पिशवी राहिलेली मला दिसली. ती द्यायला मी मागून गेले. कोपऱ्यावरच्या मेडिकलसमोर दोघं उभी होती. भाऊजी पायरीपाशी थांबले होते, चढत नव्हते. त्यांचं तोंड दुकानाकडे होतं म्हणून मी दिसले नाही, आणि मला मध्ये बोलायची सवय नाही, म्हणून पिशवी धरून थांबले.

"एकदा सुरू केली की रोजची," भाऊजी म्हणत होते. "रोज गोळी म्हणजे आपण पेशंट झालो. अजून मला काही होत नाही गं. होईल तेव्हा बघू."

रस्त्यानं वर्कशॉपच्या पाळीची माणसं सायकलवरून चालली होती. त्यांना वाट द्यायला भाऊजी बाजूला झाले. परत वळले तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता.

"एक विचारू?"

"काय?"

"बाबांना कळत होतं का गं? तू भरवायचीस, ते?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मलाही नाही, आमच्या ह्यांनाही नाही. आम्ही सगळेच म्हणायचो, त्यांना काही कळत नाही, सुटले बिचारे.

"सगळं कळत होतं," वहिनी म्हणाल्या. "बोलता येत नव्हतं, एवढंच. पेजेत मीठ कमी पडलं की तोंड फिरवायचे."

भाऊजी हसले. तोंड हसत होतं आणि हात खिशातला कागद शोधत होता. मग ते पायऱ्या चढले. मेडिकलवाल्या पोऱ्यानं कागद वाचला आणि विचारलं, "काका, हमणां केटला दिवसनी आपूं?" आत्ता किती दिवसांच्या देऊ, म्हणून.

भाऊजी म्हणाले, "आखा महिनानी आप."